चार नंबरच्या काउंटरवरचं वाण

दिपाली आमच्या हुडको कॉलनीतलीच, मागच्या गल्लीत राहते. तिचा नवरा प्रफुल्ल सहा वर्षांपूर्वी काविळीनं गेला. तेव्हापासून ती पावर हाउसजवळच्या त्या तीन मजली दुकानात बिलाच्या काउंटरवर उभी आहे. त्या कंपनीची देशभर शेकड्यांनी दुकानं आहेत म्हणे. उभी म्हणजे खरोखरच उभी. काउंटरमागे खुर्ची नाही. बसलेला कॅशियर गिऱ्हाइकाला आळशी वाटतो, असं वर कोणीतरी ठरवलंय. ठरवणारा बसूनच ठरवत असणार!

सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. 'फोन नंबर बताइए, कैरी बैग चाहिए क्या, चॉकलेट पे ऑफर है,' हे प्रत्येकाला म्हणायचं आणि म्हणताना हसायचं. युनिफॉर्मला खिसा नाही, निघताना झडती. घरी आल्यावर ती तासभर कोणाशी बोलत नाही. पाय बादलीत सोडून बसते. पण पोरीला शिकवतेय ती याच नोकरीवर, म्हणून रेटते.

संक्रांतीच्या दिवसांत तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. आमच्या कॉलनीतल्या बायका चांगल्या शिकलेल्या आहेत, पण हे त्यांच्या शिक्षणात आलं नसावं. मीही पाच वर्षं गप्पच बसले, हे कबूल करते.

यंदा माझ्याकडे ज्या दिवशी हळदीकुंकू होतं, त्याच दुपारी मी स्टीलच्या वाट्या घ्यायला तिच्या दुकानात गेले. सव्वीस जानेवारीचा सेल लागला होता. सेलमध्ये यांची आठवड्याची सुट्टीही बंद. चार नंबरवर दिपाली होती, चेहरा पार उतरलेला. तिनं माझ्या बारा वाट्यांचं बिल केलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यातली एक तिच्या हातात ठेवली आणि पिशवीतला तिळगूळ वर टाकला.

"काकू, मले कावून देऊन राहिल्या?"

"वाण आहे. नाही म्हणू नको."

हातात आलेलं वाण आमच्याकडे कोणी परत करत नाही. तिचे डोळे भरून आले. मागचा माणूस ओरडला, "मैडम, जल्दी करो!" तिनं वाटी काउंटरखाली सरकवली आणि जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या पिशवीत ठेवली. गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचं नाही, हा नियम तिला पाठ होता. मला माहीतच नव्हता.

सहा वाजता दारावरच्या गार्डबाईनं, रुक्मानं, तिची पिशवी उघडली. दुकानाचं स्टिकर लावलेली वाटी, आणि बिल नाही. तिथे चोरी सापडली की त्याच दिवशी नोकरी जाते.

तिचा फोन आला तेव्हा माझ्या घरात बायका जमल्या होत्या. "काकू, बिल आहे का? मले चोर म्हणून राहिले!" मी सगळ्यांना तसंच बसवून ऑटो पकडली. वाटभर स्वतःलाच शिव्या घातल्या. मान द्यायचा होता तर घरी बोलवायचं, चारचौघीत बसवायचं. तेवढी हिंमत झाली नाही, म्हणून दुकानात उरकून घेतलं.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तोही दमलेलाच दिसला. "माताजी, मामला खतम. इन्होंने पैसे भर दिए, बिल बन गया."

"अरे, वो वाण है! मैंने दिया है। ये देखो मेरा बिल!"

वाण म्हणजे काय, ते मी त्याला समजावलं. त्यानं मान हलवली. "कैमरे में दिख गया, आपने ही दिया। पर स्टाफ कस्टमर से कुछ ले नहीं सकता। ऐसा लिखता तो नौकरी जाती। इसलिए इनकी खरीद दिखा दी।"

दिपाली लॉकरपाशी बाकावर बसली होती. नोकरी वाचली होती, तरी तिच्याकडे बघवत नव्हतं.

"चल माझ्या घरी," मी म्हटलं. "दुसरी वाटी देते. सगळ्यांसमोर देते."

"नको काकू. सहा वर्सांत पयल्यांदा कोनी दिलं होतं, तेबी मलेच विकत घ्या लागलं." मग म्हणाली, "घरी बायका बसल्या असतील न तुमच्या?"

"बसल्या आहेत."

"मंग जा तुम्ही. त्यायचं वाण राहिलं असन."

मी आणखी एकदा 'चल' म्हणायला हवं होतं. हात धरून न्यायला हवं होतं. मी एकटीच ऑटोत बसले, घरी आले आणि उरलेल्या अकराही वाट्या लुटल्या.