सीदी लखदरची चादर

लग्नाचा कूसकूस रांधावा तर यमीनाने, आणि लग्नघराला नावं ठेवावीत तीही यमीनानेच. अल्जीयर्सच्या वरच्या आळ्यांत या दोन्ही बाबतींत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरुणपणीच नवरा समुद्राने नेला. तेव्हापासून मनातलं सगळं ती सीदी लखदर पिराला सांगे. दर शुक्रवारी कबरीपाशी मेणबत्ती लावी, बायकांत बसून बदाम खाई, आणि लेकीला मूल व्हायला उशीर झाला तेव्हा पिराशी कडकडून भांडलीही होती.

फ्रेंचांनी रस्ता रुंद केला तेव्हा सीदींचा जुना दर्गा पाडला. अस्थी टेकडीवरच्या एका खोलीत गेल्या, पण कबरीवरची हिरवी रेशमी चादर त्या धांदलीत नाहीशी झाली. तिची कड यमीनाच्या आईने भरली होती. शेवटच्या दुखण्यात आई म्हणाली होती, "सीदी उघडे पडलेत गं. बघ काहीतरी." त्याला नऊ वर्षं झाली. कबरीवर साधा मांजरपाट होता आणि दर शुक्रवारी तो बघून यमीनाला आईचे शब्द आठवायचे.

अशात तिची शेजारीण हनीफा एक निरोप घेऊन आली. हनीफा वर्दिये नावाच्या फ्रेंच चित्रकाराकडे धुणीभांडी करायची.

"मावशी, मस्यूला प्रार्थना करणारी बाई हवीय. ओंजळीत तोंड झाकून बसायचं, बस."

"एवढंच? आणि त्याला घरात आई-बहीण नाही का मेल्याला?" असं म्हणत यमीना गेलीच. तिला सगळंच बघायचं असे.

वर्दियेची खोली पितळी दिव्यांनी आणि तलवारींनी भरलेली. त्याने जमिनीवर काहीतरी हिरवं पसरलं आणि त्यावर गुडघे टेकायची खूण केली. यमीना वाकली. कडेला लाल डाळिंबं होती, आणि कोपऱ्यात एकच पिवळं. लाल दोरा संपला होता म्हणून आईने ते पिवळं भरलं होतं. यमीना ताडकन उभी राहिली.

"बाजारात घेतला," हनीफाने मस्यूचं बोलणं सांगितलं. "छान गालिचा आहे म्हणतो."

गालिचा! यमीनाच्या तोंडाशी शिव्या आल्या. पण चादर आपली म्हणून मागितली तर हा ती पेटीत घालून कुलूप लावणार, आणि महिनाअखेरीस त्याची बोट होती. तिने राग गिळला.

"सांग त्याला, कुठली बाई अशी खोलीत बसून रडते? आम्ही पिराजवळ रडतो. आणि हे कापड खाली नसतं, कबरीवर असतं. खरं चित्र हवं असेल तर मंगळवारी टेकडीवरच्या दर्ग्यात ये म्हणावं. तेव्हा कुणी नसतं."

खरं चित्र म्हटल्यावर वर्दिये हुरळला.

मंगळवारी त्याने स्वतःच्या हातांनी चादर कबरीवर पसरली. यमीनाने ओंजळीत तोंड घातलं. तिचे खांदे गदगदू लागले. "केवढी भक्ती!" वर्दिये पुटपुटला आणि दुपारपर्यंत रंगवत राहिला. मग त्याने सामान वाहून आणलेल्या हमालाला चादर काढायला सांगितली.

हमाल दोन पावलं मागे सरला. "सीदींच्या अंगावरची? मला पोरंबाळं आहेत, मस्यू."

"घातलेली चादर उतरत नसते," म्हातारा मुजावर जपमाळ ओढत म्हणाला.

वर्दिये स्वतःच पुढे झाला, तोच हनीफा वीस बायका घेऊन आत शिरली. त्यांनी आनंदाची किलकारी दिली, सीदींना झाकणाऱ्या मस्यूला दुवा दिला आणि त्याच्या पसरलेल्या हातात खजुराच्या वड्या कोंबल्या. वर्दिये चादरीकडे, मग यमीनाकडे बघत राहिला. मग त्याला हसू आलं.

"चित्र तरी माझं ना?"

"ते खुशाल न्या," यमीना म्हणाली.

चित्र पॅरिसला गेलं. तिथले लोक त्या रडणाऱ्या बाईपुढे हळू आवाजात बोलतात, असं पुढे एका शुक्रवारी कबरीपाशी हनीफाने सांगितलं. बायका हसून लोळल्या.

"रडतेय कसली! माझं हसू मावत नव्हतं," यमीना म्हणाली. बायका गेल्यावर मात्र ती कबरीच्या कोपऱ्याशी थांबली आणि पिवळ्या डाळिंबावरून बोट फिरवलं.

"झाकलं गं, आई," ती म्हणाली, आणि मग रडली.