सरड्यांच्या बेटावर लॉन

"परांजपे, गवत कुठे गेलं?"

"हे काय!" त्यांनी अभिमानाने समोरची हिरवीगार लॉन दाखवली. "मालवाहू बार्जवरून आणली, सर."

माझं डोकं फिरलं.

अबुधाबीजवळच्या त्या बेटावर रिसॉर्ट होणार होतं. बांधकामाआधी तिथे कोणते जीव राहतात ते तपासणं, म्हणजे बेसलाइन सर्व्हे, हे माझं काम. परांजपे प्रोजेक्ट मॅनेजर, पक्के पुणेकर. तिथल्या सरड्यांसाठी वाळूचा एक पट्टा राखायचा की नाही, ते आमचा अरब क्लायंट, रिसॉर्टचा मालक, त्या सकाळी स्वतः बघून ठरवणार होता.

माझे सरडे राहायचे सुक्या, पिवळ्या, खराट्यासारख्या गवतात. शेपूट अंगाच्या दुप्पट. बोटांना खवल्यांची झालर, म्हणून पाय वाळूत रुतत नाहीत. वाळू तापली की काडीवर चढून वारा खात बसायचे. मुळांनी धरलेल्या वाळूत बिळं, बिळांत अंडी. गवत उपटलं की घर, सावली, बाळंतिणीची खोली, सगळं खलास.

"अहो, वाळलेलं होतं ते! पाहुणे येणार म्हटल्यावर माळी लावून साफसफाई नको?"

"अंडी होती त्यात!"

"चिडू नका हो. शारजाच्या पक्षीबाजारातून डझनभर सरडे आणू. लॉनवर उठून दिसतील."

मी जो ओरडलो, तो जेट्टीवरच्या सीगल्सनीही ऐकला असणार.

जनरेटरमागे, कुणाचं लक्ष जात नाही अशा जागी, गवताचे थोडे झुपके उरले होते. एका काडीवर एक सरडा आरामात बसलेला. आणि जेसीबी तिकडेच निघालेला! मी साइट ऑफिसची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि जेसीबीसमोर बसलो. खुर्ची तव्यासारखी तापलेली. ताडकन उठलो, पुन्हा बसलो.

परांजपे धावत आले. "जोशीसाहेब, उठा! क्लायंटची बोट लागली! नोकरी जाईल माझी!"

"जाऊ दे!"

क्लायंट लॉन ओलांडून थेट माझ्याकडे आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये आदमी इधर क्यों बैठा है?"

भाषण तयार होतं. पण रागाच्या भरात नुसतं काडीवरच्या सरड्याकडे बोट दाखवलं. तो पायघोळ पांढरा कंदुरा सावरून वाकला. सरड्याने एक मुंगी मटकावली.

"बाकी किधर है?"

मी लॉनकडे बोट केलं. त्याने परांजप्यांकडे बघितलं.

"यल्ला, चलो, मशीन वापस."

त्या झुपक्यांभोवती कुंपण झालं. तिथले सरडे टिकले. लॉनखालचे गेले ते गेलेच. परांजप्यांना मात्र पुढे प्रमोशन मिळालं.

तेव्हापासून मी रिपोर्टमध्ये "नैसर्गिक अधिवास जपावा" असलं काही लिहीत नाही. "इथे माळी पाठवू नये" एवढंच लिहितो.