जर्मन गाडीतून आई कशी उतरली

आमच्याकडे गाडी घेतली की आधी ती गावाला दाखवावी लागते, आणि गाव जे बोलेल ते निमूट ऐकून घ्यावं लागतं. मी ती जुनी जर्मन गाडी औरंगाबादच्या एका कारखानदाराकडून घेऊन हसनाबादला आलो, तेव्हा माझ्या खताच्या दुकानासमोर आठवडी बाजाराएवढी माणसं जमली. दोन हजार सालानंतर थोड्याच वर्षांतली गोष्ट. मोसंबीनं त्या हंगामात चांगला हात दिला होता, आणि घरात सगळे ट्रॅक्टर घ्या म्हणत असताना मी ही घेऊन आलो.

गाडी गडद निळी, लांबट आणि बुटकी. कंपनीनंच ती मुद्दाम जमिनीजवळ ठेवली होती. जोरात वळण घेताना गाडीनं रस्ता सोडू नये म्हणून, असं मला विकणाऱ्यानं समजावलं. आमच्याकडे वळणावर आधी रस्ता असतो का, हे मी त्याला विचारायला हवं होतं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष तिच्या चाकांकडे होतं.

पहिला प्रश्न ठरलेला आला. "ॲव्हरेज काय देती?"

मी खरा आकडा सांगितला नाही, थोडा वाढवूनच सांगितला. तरी एक जण म्हणाला, "एवढ्यात त माही मोटारसायकल पुण्याला जाऊन यील." दुसरा उकिडवा बसला, गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "शेठ, हिच्या खालून मांजर तरी जाईन का?" मग मांजर जाईल की नाही यावरच अर्धा तास गेला. इंजिनाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मालक म्हणून माझं मत कोणी विचारलं तर मी आजही सांगेन, तशी गाडी पुन्हा झाली नाही. सकाळी लवकर जालना-औरंगाबाद रस्त्याला लागलो की ती अशी काही पळायची की मला शीळ घालावीशी वाटे. स्टिअरिंग नुसत्या बोटांनी फिरायचं. आतमध्ये बाहेरचा आवाज नाही. दार लावलं की जाडजूड, भरलेला आवाज यायचा, आणि तो ऐकायला मी उगाच दार उघडून लावायचो. बायको ओट्यावरून म्हणायची, "दार लावून लावून निखळंल ते. तिला इसावा द्या जरा." मी म्हणायचो, जर्मन माल आहे, निखळत नसतो.

माझा जालन्याचा मेकॅनिक मात्र तिला भीत असे. त्यानं पहिल्या दिवशी बॉनेट उघडलं, तर इंजिनावर सगळीकडून काळी झाकणं. तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग बॉनेट हळूच खाली लावून म्हणाला, "हे बिलकुल मस्त चालून राह्यलंय. मंग आपण कायला उघडायचं?" त्याचं हे धोरण मला पटलं. पुढची सगळी वर्षं आम्ही ते शक्यतो पाळलं.

खरी अडचण होती गतिरोधकांची. आमच्या भागात गतिरोधक सरकार कमी आणि गावकरी जास्त बांधतात. कोणाची शेळी गाडीखाली गेली की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मुरूम पडतो, आणि त्याची उंची राग किती होता त्यावर ठरते. माझी गाडी रिकामी असली तरच त्यावरून तिरकी तिरकी जायची. आत माणसं असली की पोट घासायचं, आणि तो आवाज माझ्याच पोटातून आल्यासारखं वाटायचं. त्यात आमच्याकडे चार माणसांची गाडी चार माणसांना घेऊन गेली तर लोक नावं ठेवतात. भावकीतला कोणी ना कोणी पेंडेचं पोतं डिकीत टाकूनच बसायचा. मग दर गावाच्या तोंडाशी मी गाडी थांबवायचो, सगळे खाली उतरायचे, गतिरोधक चालत ओलांडायचे, आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसायचे. बायको एकदा म्हणाली, "बैलगाडीत निदान चढ आला तरच उतराव लागायचं."

मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. माझ्या आईचं तसं नव्हतं.

आई तेव्हा सत्तरीच्या पुढची होती. गुडघे गेलेले, पण पाठ ताठ आणि मान त्याहून ताठ. तिचं म्हणणं, या गाडीत बसताना आडात उतरल्यावानी वाटतं. बसायला तशी ती बसायची, म्हणजे पाठमोरी होऊन स्वतःला मागे सोडून द्यायची. प्रश्न उतरायचा होता. सीट एवढी खाली की गुडघे हनुवटीच्या बरोबरीनं यायचे, आणि त्या गुडघ्यांवर जोर देऊन उठणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. हे आम्हाला कळलं मंठ्याला, एका नात्यातल्या लग्नात.

चारचौघांनी बघावी म्हणून मी गाडी थेट मांडवाच्या दारात नेऊन लावली. आईनं पाय बाहेर काढले, जोर लावला आणि पुन्हा मागे बसली. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. शेवटी दोघांनी तिचे दोन हात धरले आणि ओढलं. पदर सीटच्या पट्ट्यात अडकलेला, बँडवाले वाजवायचं थांबवून बघताहेत, आणि मांडवातून कोणी बाई म्हणाली, "हळू काढा, कुठं चेंबंल." सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. आई हसली नाही. तिनं पदर सोडवून घेतला, डोक्यावर नीट केला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

परतताना ती काळीपिवळीत बसली. उंच पायरीच्या त्या जीपमध्ये ती दांडा धरून चढायची आणि दांडा धरून उतरायची, कोणाचा हात लागत नसे. पुढे मी जर्मन गाडीत एकटा, मागे काळीपिवळीत दाटीवाटीनं माझी आई, असे आम्ही मंठ्याहून जालन्यापर्यंत आलो. त्या जीपच्या ड्रायव्हरनं मला दोनदा ओव्हरटेक केलं, ते वेगळंच.

पावसाळ्यात एका खड्ड्यात जीप आदळली आणि आईची कंबर भरली. जालन्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आता जीप नाही, एसटी नाही. मऊ गाडी असेल तर तेवढीच चालेल. मऊ गाडी आमच्याकडे एकच होती. दवाखान्याच्या दारातही तिला कंपाउंडरनं आणि मी मिळूनच ओढून काढलं होतं.

त्या दिवशी घरासमोर एक ट्रॉली उभी होती, म्हणून मी गाडी नालीच्या अगदी कडेला लावली. नाली कोरडी, जरा खोलगट. आईनं दार उघडलं, पाय बाहेर टाकले, तर ते नालीत गेले, नेहमीपेक्षा चांगले खाली. आणि मी फिरून तिच्या बाजूला येईपर्यंत ती उभी राहिली होती. आपली आपण.

साधी गोष्ट होती. गाडी उंच करता येत नाही, तर जमीन खाली पाहिजे. तेव्हापासून सगळा तालुका खड्डे चुकवत गाडी हाकायचा, आणि मी आईसाठी चांगला खड्डा शोधत हिंडायचो. देवळापुढे, बँकेपुढे, जिथे डाव्या हाताला चर किंवा नाली असेल तिथेच मी थांबायचो. लोकांना वाटलं, मला गाडी लावायचं कळत नाही. वाटू दिलं.

पोळ्यानंतर धावड्याहून निरोप आला की मामा विहिरीच्या पायऱ्यांवर घसरून पडला, पाय मोडला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पाठचा एकटाच. आईला लगेच जायचं होतं, पण तेव्हा कंबर धरलेली. दिवाळी जवळ आली, कंबर सुटली, आणि मी म्हणालो, भाऊबीजेला जाऊ. आई म्हणाली, "मी येत न्हाई."

मला कारण कळेना. मग एका संध्याकाळी वाती वळता वळता तिनंच सांगितलं. मामाच्या गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता झालेला. अंगण तर आधीपासूनच सपाट. नाली नाही, चर नाही. "त्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले. आंब्याला चढायचे मी, पोरांच्या आधी. तिथं मला दोघांनी धरून ओढाव अन् समद्या गल्लीनं बघाव? न्हाई. त्याला म्हणाव, बरा हो आन् तूच ये."

मामाला तर काठीशिवाय उठता येत नव्हतं. दोघंही वयस्कर, दोघंही अधू, आणि मध्ये पाऊण तासाची वाट. या वर्षी भेट राहिली तर पुढचं कोणी सांगावं, हे आईला कळत होतं. पण तिचा स्वभाव मी जन्मापासून ओळखतो. मी चिडून मामाच्या शेजाऱ्याकडे फोन लावला आणि मामाला सगळं सांगितलं. मंठ्याचं, दवाखान्याचं, नालीचं, गाडी पुढून किती खाली आहे ते, पोट कसं घासतं ते. गाडीबद्दल इतकं वाईट मी कोणापाशी बोललो नव्हतो.

मामानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "अक्का कोणत्या बाजूनं उतरती?"

"डाव्या," मी म्हणालो.

"घेऊन ये तिला, भाचेराव." आणि त्यानं फोन ठेवला.

आईकडून मी असं कबूल करवून घेतलं की गाडी गावाबाहेर थांबवायची. तिथे ओढ्याच्या पुलाजवळ चांगला उतार होता. तिथे उतरायचं आणि काठी टेकत घरापर्यंत चालायचं. लांब होतं तिच्यासाठी, पण ती तयार झाली. नवं लुगडं नेसून, ताट मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली.

पुलाजवळ आलो, तर मामाचा थोरला मुलगा रस्त्यात उभा. मी थांबायच्या आधीच तो हातानं पुढं चला, पुढं चला करत गाडीपुढे पळायला लागला. आई म्हणाली, "थांबव इथंच." मी म्हणालो, "तो काय म्हणतो ते तर बघू." आई म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून मला फसवून राह्यले." मी गाडी त्याच्यामागे घेतली; तो काय करत होता ते मलाही माहीत नव्हतं.

मामाच्या दारात वळलो आणि पाय ब्रेकवर गेला. अंगणात मातीचा एक लांबच लांब ओटा केलेला. दगडमाती घालून, चोपून, वरून सारवलेला. गल्लीच्या बाजूनं त्याला असा सावकाश चढ दिलेला की गाडीचं पोट कुठे टेकायला जागाच नव्हती. डावी बाजू मात्र दगड लावून सरळ उभी, वीतभर उंच. मामा ओसरीत बाजेवर पाय लांब करून बसला होता आणि तिथूनच हुकूम सोडत होता. मुलगा पुढून हात दाखवायला लागला. "या, या. डावीकडं. आजून. चार बोटं राह्यले. बराबर. बस."

गाडी चढली. पोट टेकलं नाही. डावं चाक मात्र अगदी काठावर होतं.

गल्ली जमली होतीच. दोघी बाया आईचा हात धरायला पुढे झाल्या, तर मामा बाजेवरून ओरडला, "कोणी हात लावायचा न्हाई. माही बहीण आपली आपण उतरती."

आईनं दार उघडलं. ताट माझ्याकडे दिलं. पाय बाहेर टाकले, सारवलेल्या जमिनीवर टेकले आणि खुर्चीवरून उठावं तशी उठून उभी राहिली. पदर सारखा केला. मग सगळ्या गल्लीकडे एकदा नीट बघितलं आणि चालत भावाकडे गेली. बाजेपाशी पोचल्यावर तिनं मामाचा मोडलेला पाय हातानं चाचपला.

ओवाळायची वेळ झाली तेव्हा नवीनच पंचाईत. मामाला पाटावर बसता येत नव्हतं, आणि बाजेवरच्या भावाला ओवाळायला आईला वाकून उभं राहता येत नव्हतं. मामाच्या सुनेनं सुचवलं, आणि सगळ्यांना ते पटलं. गाडीचं दार पुन्हा उघडलं. आई बाहेर पाय सोडून सीटवर बसली, आणि मामाला लोखंडी खुर्चीत घालून तिच्यासमोर आणून ठेवलं. दोघं बरोबर एका उंचीवर आले.

आईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, निरांजनाचं ताट त्याच्याभोवती फिरवलं. त्यात तेल थोडं सीटवर सांडलं. एरवी मी त्या सीटवर कोणाला पाणी पिऊ देत नसे. त्या दिवशी मला डोळ्यांतलं पाणी पुसायचं होतं, आणि ते मी सगळ्यांसमोर पुसलं.

मामा म्हणाला, "अक्का, उद्या पोरं हे उकरून टाकतील. आंगणात जागा राह्यली न्हाई."

"उकरायचं न्हाई," आई म्हणाली. "मी पुढच्या वर्षी पण येणार हाय."