चढावर बोलायचं नाही

पार्सलबाबूंच्या हातात वस्तू आली की ते तिचं वजन सांगायचे. जन्म सिकंदराबाद स्टेशनात पार्सलं तोलण्यात गेलेला. गौलीगुड्याला माझ्या सायकल दुकानात आले की आधी पाना उचलून तोलायचे, मग रामराम. मी शाळा फार शिकलो नाही, पण सायकलीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. तो न मानणारा हा एकच माणूस.

रिटायर झाल्यावर त्यांनी मनात घेतलं, तंबू, स्टोव्ह, अंथरूण लादून सायकलीवर उदगीरला थोरल्या भावाकडे जायचं. गुडघा अधू. त्यांचा मुलगा सुधीर म्हणाला, "बाबा, हेच सामान लादून मौला अलीचा चढ चढून दाखवा. पाय टेकला तर जाणं रद्द."

मी सांगितलं, "चेनची दातेरी चाकं बदलू. मागचं फ्रीव्हील मोठं घ्या, पुढचं चेनव्हील लहान. पाय जास्त फिरतील, पण गुडघा वाचेल."

"नक्को मिस्त्री. शिलाई मशीन चालवायचीय का मला? पोरं हसतील."

"मग ढकलत न्या उदगीरपर्यंत!"

खूप वाजलं आमचं. शेवटी मागचं मोठं घेतलं, त्याला पुरेल अशी लांब चेनही. पुढचं मात्र त्यांनी बदलू दिलं नाही.

रविवारी सुधीर चढाच्या टोकाला हाताची घडी घालून उभा. मी सायकलीशेजारी चालत होतो. अर्ध्यात हँडल डुलायला लागलं. मागून ऑटोवाला हॉर्न मारतोय. मी ओरडलो, "जोर सोडू नका!"

"चढावर बोलायचं नाही," ते दातातून म्हणाले.

टोकाजवळ ऑटो सुधीरच्या आणि आमच्या मध्ये आला आणि त्याच्याच आडोशाला बाबूंचा डावा पाय टेकला. लगेच उचलला. सुधीरला दिसलं नाही. तो हसत आला, "चढलात की हो बाबा!"

मी तोंड मिटून घेतलं. म्हटलं, जाऊ दे माणसाला.

बाबू धापा टाकत म्हणाले, "टेकला."

"कुठं?"

"टेकला म्हणतो ना! कमी वजन लिहायची सवय नाही मला."

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन बसले. "काढ तुझं ते लहान चेनव्हील."

"पोरं हसतील."

"हसू दे."

पुढच्या रविवारी सुधीरसमोर पुन्हा तोच चढ. पोरं हसली, पण पाय टेकला नाही. उदगीरला जाऊन आले.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात भेटलो, तेवढंच शेवटचं. नाकाला नळी, एकेक श्वास ओढून घेत होते. मी विचारलं, "कसं काय बाबू?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मग मीही बोललो नाही. त्या दिवशी चढावर शेजारून चाललो होतो, तसा शेजारी बसून राहिलो.