माउंट सॅनफर्डवरचं ‘कुठे’

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी मूळची नागपूरची, आता अमेरिकेत बॉथेलला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुरावा दाखवा, मग बोला — असा माझा खाक्या! तरी हे लिहितेय...

माझी मुलगी गार्गी, वय सव्वीस, जन्म इथलाच. गेल्या मे महिन्यात ती अलास्कात माउंट सॅनफर्ड चढत होती. सोळा हजार फुटांचा ज्वालामुखी, पण अंगभर नुसता बर्फ. आसपास गाव नाही. छोटं विमान सोडतं आणि निघून जातं. एका दोराला बांधलेले चौघं, आणि सगळ्यांत पुढे माझी लेक! आजही सांगताना माझी मान ताठ होते.

आमच्याकडे बाहेर निघालेल्याला मागून हाक मारत नाहीत आणि ‘कुठे’ तर विचारतच नाहीत. ‘कुणीकडे?’ म्हणायचं. श्रद्धा नाही हो, आईने लावलेली सवय.

ती डोंगरावर असताना एके दिवशी सकाळी अकरा दहाला मी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये होते.

“वैशाली, हू इज चार्ली?” मॅनेजरने विचारलं.

स्क्रीनवर माझ्या नावापुढे, बोललेलं आपोआप टिपणारं कॅप्शन उमटलं होतं — ‘कुटे चार्लीज’. मी तोंड उघडल्याचंसुद्धा मला आठवत नव्हतं! त्याचा अर्थ चार दिवसांनी लागला, गार्गीचा फोन आला तेव्हा.

“आई, यू कॉल्ड मी. मागून. ‘कुठे चाललीस?’ म्हणालीस.”

“मी? मी ‘कुठे’ म्हणेन का गं?”

“एक्झॅक्टली! तू कधीच म्हणत नाहीस. म्हणून तर मी थांबले.”

थांबून तिने काठीने समोरचा बर्फ टोचला. वरचा थर धाडकन कोसळला आणि खाली तळ दिसेना अशी भेग उघडली. वेळ तिने डायरीत लिहिली होती, तोच दिवस, दहा दहा. अलास्काचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे, म्हणजे आमचे अकरा दहा.

“बाकीच्यांना काय सांगितलंस?”

“खरं तेच. माय मॉम सेड स्टॉप.”

आणि शिखर समोर दिसत असताना तिने सगळ्यांना मागे फिरवलं. पुढे आणखी भेगा असू शकत होत्या, आणि मागच्या तिघांचा जीव तिच्या हातात होता.

माझा आवाज तिथवर कसा पोचला, मुळात तो माझाच होता का... मला खरंच माहीत नाही. शिखरावरचे फोटो पुष्कळ आया दाखवतात. माझ्याकडे अर्ध्यातून परतलेल्या चौघांचा आहे. तो मी भेटेल त्याला दाखवते.