घोंगडी धुऊन आणली

चौतिसाव्या वर्षी मी उदयोन्मुख झाले. गॅलरीवाल्या बाईंनी तसं सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर मी धाराशिवच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवत होते, आणि तासिका तत्त्वावर माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याचा उदय वगैरे होत नसतो. बाई पुण्याच्या. धाराशिवात कलामेळा भरणार होता. पुण्या-सोलापूरच्या, संभाजीनगरच्या गॅलऱ्या येणार होत्या आणि प्रत्येकीनं मराठवाड्यातला एक तरी नवा कलाकार दाखवायचा असं ठरलं होतं. बाईंच्या वाट्याला मी आले.

त्यांनी निवडलेलं काम म्हणजे माझ्या वडिलांची घोंगडी. आबा मेंढरं राखायचे. आमच्या गावाहून, माकणीहून निघाले की रानोरान हिंडायचे, ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची त्याच्याच बांधाला निजायचे. अंगावर कायम ही एकच काळी घोंगडी. ते गेल्यावर मी तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं त्यांच्या वाटा शिवल्या. माकणी ते सास्तूर, तिथून लोहारा, आणि चारा नव्हता त्या साली पार परंड्यापर्यंत गेले होते ती लांबलचक वाट. सुट्टीला घरी गेले की शिवायची आणि मायच्या ताब्यात ठेवून यायची. आईला आम्ही माय म्हणतो. ती शेजारी बसून बघायची आणि म्हणायची, "सुई हातात हायच तर भोकं बी बुजव की."

भोकं मी बुजवली नाहीत. शेकोटीच्या ठिणग्यांनी पडलेली ती भोकं, लोकरीत रुतलेली कुसळं, हात लागून लागून तेलकट झालेला काठ, सगळं होतं तसं ठेवलं. वासही तसाच होता. मेंढरांचा, धुराचा, बिडीचा आणि आबांचा. मी ती एकदा बाईंना दाखवायला धाराशिवला आणली होती. त्यांनी घोंगडीत नाक घातलं, आणि बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना पाणी दिलं. मला काही वाटलं नाही. आबा गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. भाजी आणावी, तास घ्यावेत, घोंगडी शिवावी, सगळं एकाच मापानं चाललं होतं. बाई म्हणाल्या, केवढं दुःख ओतलंय तुम्ही यात. मी मान हलवली. उदयोन्मुख माणसानं वाद घालू नये.

त्याच संध्याकाळी मायचा फोन आला. घोंगडी परत आण, भाड्याच्या खोलीत कसर लागंल म्हणाली. मी नेऊन दिली.

मेळ्याच्या आदल्या आठवड्यात मी तिला फोन केला. म्हटलं, तूच घेऊन ये बसनं, लई लोक येणार हायत बघायला. एवढंच बोलले, कारण यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

आमच्यात पावणा आला की आधी घोंगडी अंथरतात. चहापाणी मागून. आणि ती घोंगडी स्वच्छ, झटकलेली, ताठ असावी लागते. मळकी टाकली तर पावणा बसतो, पण चार ठिकाणी सांगतो. घरातल्या बाईची सगळी अब्रू त्या एका घोंगडीवर.

माय आली ती जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं काखेत घेऊन. हॉलमध्ये आमच्या गाळ्यात बाई, त्यांचा भिंतीवर खिळे मारणारा माणूस आणि मी उभे होतो. मायनं गाठोडं सोडलं. घोंगडी कोऱ्यासारखी काळी दिसत होती. एक कुसळ नव्हतं. भोकं काळ्या लोकरीनं इतकी बारीक विणली होती की हात फिरवूनही सापडली नसती. चिंचोक्याची खळ दिल्यामुळं ती पत्र्यागत ताठ झाली होती. माझे पांढरे टाके तेवढे राहिले होते, तेही पाण्यानं आक्रसून. सास्तूर आणि लोहारा एकमेकांजवळ सरकले होते.

"मावशी, हे काय केलंत?" बाई म्हणाल्या.

"धुतली की. धरणाच्या पाण्याला नेली व्हती. पाणी बदलून बदलून धुतली. एवढी माणसं येणार म्हणल्यावर तशीच आणू व्हय?"

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला कोपऱ्यात नेऊन त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, आता यात राहिलं काय? मी म्हटलं, टाके आहेत. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच ती पाण्यात घातली होती. पण भिंत मोकळी ठेवणं शक्य नव्हतं, आणि शेजारचा फलक तर आधीच छापून चिकटवला होता. त्यावर लिहिलं होतं की या घोंगडीत एका मेंढपाळाचं आयुष्य मुरलं आहे, जवळ जा आणि वास घ्या.

घोंगडी टांगली. मला राग यायला हवा होता. मी वाट पाहिली, आला नाही.

दुपारनंतर लोक यायला लागले. आमच्याकडची माणसं फलकावर लिहिलेलं काटेकोर पाळतात. एकेक जण पुढं जायचा, हात पाठीमागं बांधून वाकायचा आणि वास घ्यायचा. एक गृहस्थ मातीचा सुगंध येतोय म्हणाले. एका कॉलेजच्या पोरीनं चिंचेचा येतो म्हणून सांगितलं तेव्हा तिच्या मैत्रिणीनं तिला कोपरानं ढोसलं. पलीकडच्या गाळ्यातला, सोलापूरच्या गॅलरीचा उदयोन्मुख पोरगाही येऊन वास घेऊन गेला आणि फार आतून आलंय म्हणाला. बाईंच्या जिवात हळूहळू जीव आला. आल्यागेल्याला त्या माझी ओळख करून द्यायच्या, मी हात जोडायचे.

माय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. गर्दी जरा ओसरल्यावर तिनं मला खुणेनं बोलावलं.

"का गं, ही माणसं नाक का लावायलेत?"

मी तिला फलक वाचून दाखवला. मधे मधे थांबून, कारण त्यातले अर्धे शब्द आमच्या घरात कुणी बोलत नाही. वाचून झाल्यावर ती घोंगडीकडं वळली.

"म्हंजी वासासाठी घेतली व्हती त्या बाईनं?"

"व्हय."

"मला आधी बोलायचं न्हाय का गं?" तिचा आवाज चढला नव्हता. "रोज तीच पांघरत व्हते मी. तोंडावरनं घेतली की झोप लागायची. पाण्यात घालाय लई जड गेलं बघ. दोन बारी काठावरनं माघारी आले. पर म्हणलं, पोरीला चार माणसांत कुणी नाव ठिवू ने."

मी तिच्या शेजारी उभी होते. माय घोंगडी ट्रंकेवर घडी घालून ठेवत असेल असंच मी वर्षभर धरून चालले होते. म्हटलं, "तो कागद काढून टाकते मी."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खोटं काय लिवलंय त्यात?"

तेवढ्यात एक नवरा-बायको आत आले. नोकरीवाले असावेत, सुट्टीच्या कपड्यांत. दोघांनी फलक वाचला. बायको पुढं होऊन वाकली, खालच्या काठाला नाक लावलं आणि नवऱ्याकडं बघून तिनं नाही अशी मान हलवली.

माय खुर्चीवरून उठली.

"तितं न्हाय, ताई," ती म्हणाली. "जरा वर घ्या. खांद्याच्या अंगाला. बिडीचा आन् मेंढराचा, दोन्ही वास तितं हायत."

त्या बाई टाचा उंचावून वर वाकल्या. डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास घेतला. म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नये म्हणून असेल, पण त्या म्हणाल्या, "हो, येतोय की."

"येतोय?" माय त्यांच्या अगदी जवळ गेली. "अजून येतोय?"