सातवं रेकॉर्डिंग

आमच्या भागात प्रत्येक वेशीवर राखण करणारा एक देवचार, म्हणजे भूतच, आहे आणि प्रत्येक कुटुंबात त्याला पाहिलेला एक मामा. मी देवचार पाहिला नाही आणि अशा मामांना कधी उलटून प्रश्नही विचारला नाही. हे आधीच सांगतो... पुढचं वाचून माझ्या नावाने कुणी देवचाराला नारळ ठेवायला जाऊ नये.

मी गोव्यात डिचोलीजवळ सर्वणला राहतो. एकटाच. बायको वारली, मुलगी पुण्यात. घर बंद करून कायमचं तिच्याकडे जायचं ठरलं होतं. सामानही बांधायला काढलं होतं.

नाद एकच. तीनशे वर्षांपूर्वीची एक युरोपियन रचना आहे, एकट्या व्हायोलिनसाठी, साथीला कुणी नाही. सहा कलाकारांनी वाजवलेली तिची सहा रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे आहेत. सीडीसोबतच्या पुस्तिकेत 'वैश्विक वेदना' वगैरे छापलेलं असतं. ते वाचलं की कान बिघडतात. म्हणून आमची पद्धत वेगळी होती. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो, बायको मनाला येईल ती सीडी लावायची, आणि कोण वाजवतोय ते मी ओळखायचं. संपेपर्यंत वळायचं नाही. ती गोव्यातल्याच चोपडे गावची, या संगीताशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. नाकाने मोठा श्वास घेणाऱ्याला तिने 'सर्दीवालो' नाव ठेवलं होतं. मी चुकलो की म्हणायची, "इतकीं पुस्तकां वाचून हेंच?"

हा खेळ एकट्याने खेळता येत नाही, हे ती गेल्यावर कळलं. मग सगळी रेकॉर्डिंग्ज मोबाइलवर घेतली. मोबाइल पालथा ठेवायचा. तो हवं ते लावतो. मी चुकलो तरी काही बोलत नाही.

मे महिन्यातली दुपार होती, वाड्यावरची सगळी घरं झोपलेली. पहिलं रेकॉर्डिंग मध्येच थांबलं. थोड्या वेळाने व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. मोबाइलने दुसरं लावलं असणार, असं वाटलं — पण हा सहांतला कुणीच नव्हता. संथ, जरा खरखरीत. मध्यावर एका ओळीत चुकला, थांबला, मागे जाऊन तीच ओळ पुन्हा वाजवली. विकायच्या रेकॉर्डिंगमध्ये असली चूक कुणी ठेवत नाही. तरी मी वळलो नाही. संपल्यावर म्हटलं, "नाही ओळखला."

मग मोबाइल पाहिला. रिंगचा आवाज बंद असल्याने कळलं नव्हतं, पण मुलीचा फोन येऊन गेला होता. त्यानेच पहिलं रेकॉर्डिंग थांबलं होतं, आणि ते अजून तिथेच थांबलेलं होतं. त्यानंतर मोबाइलवर काहीच वाजलं नव्हतं.

मनाचे खेळ, अशी समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शालूकाकी कुंपणापाशी आल्या.

"भाऊ, काल दनपारां रेबेक कोण वाजयतालो? पावणो आयला?" व्हायोलिनला त्या रेबेकच म्हणतात.

"मोबाइल असेल, काकी."

"तुजो मोबाइल हांव रोज आयकतां, न्हिदूंक दिना मेलो! हो मदींच चुकलो, फाटीं वचून परत वाजयलें. शिकपी आसतलो."

माझ्या मोबाइलने काकींची झोप मोडते, हे जुनंच; पण त्या चुकीबद्दल मी कुणाशीही बोललो नव्हतो. वाड्यावर चौकशी केली. कुणाकडेच व्हायोलिन नाही. दोन माणसांना एकच भास होत नाही.

पुण्याला जाणं पुढे ढकललं. मुलीने कारण विचारलं.

"एक रेकॉर्डिंग ओळखायचं राहिलंय."

"ते इथेही ऐकता येईल ना, बाबा?"

"नाही गं," मी म्हटलं, आणि बांधलेलं एक खोकं सोडायला घेतलं.